एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी पोचते तरी कशी? (अणुवीज केंद्रात काम केलेल्यांना विचारायचंय)

मेघना_मकरपुरा | रविवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी.

मी बडोद्याजवळच्या एका रसायन कारखान्यात सेफ्टी विभागात आहे. नाव लिहीत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे 'नियर मिस'चं रजिस्टर आलं. अपघात झाला नाही पण थोडक्यात वाचलो, असं काही घडलं की ज्याने पाहिलं त्याने त्यात लिहायचं. अकरा महिन्यांत सात नोंदी झाल्या. त्यातल्या पाच माझ्याच हातच्या.

गेल्या महिन्यात एका पंपाचं सील गेलं, गरम द्रव उडालं आणि एका हेल्परचा हात भाजला. चौकशी करताना कळलं की शेजारच्या प्लँटमध्ये दीड वर्षापूर्वी तेच सील तसंच गेलं होतं. तेव्हा जवळ कोणी नव्हतं. त्यांनी सील बदललं, लॉगबुकात एक ओळ लिहिली, विषय संपला. दोन प्लँटच्या मध्ये अंतर किती? एक रस्ता आणि एक चहाची टपरी. दोन्हीकडची माणसं रोज त्याच टपरीवर चहा पितात.

हेल्पर दाहोदकडचा आहे, बावीस वर्षांचा. ड्रेसिंगला मी दोनदा त्याच्याबरोबर गेले. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

ऐकून आहे की अणुवीज केंद्रांमध्ये जगात कुठेही काही बिघडलं तर बाकीच्यांना कळवायची रीत आहे. इथे कोणी काक्रापारच्या अणुवीज केंद्रात काम केलेलं आहे का? ती रीत खरंच चालते, की आमच्या रजिस्टरासारखीच आहे? चालत असेल तर कशामुळे चालते?

दांडियाबाजार_दत्तू | रविवार, रात्री ९:४१

मेघनाताई, आमच्या वाड्यात कोणाकडे दूध उतू गेलं तर पाच मिनिटांत तिन्ही मजल्यांना कळतं, आणि वाड्यात रजिस्टर नाही! तुमचं रजिस्टर ऑफिसातून उचला आणि टपरीवर नेऊन ठेवा बघू.

त्या मुलाचा हात कसा आहे आता?

मेघना_मकरपुरा | रविवार, रात्री ९:५५

बरा आहे. दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. व्यायाम चालू आहेत.

निवृत्त_शिफ्टवाला | सोमवार, सकाळी ६:१०

मेघना, मी काक्रापारला होतो, त्याआधी दुसऱ्या एका केंद्रावर. जवळजवळ सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली, निवृत्त झालो तेव्हा शिफ्ट चार्ज इंजिनिअर होतो. काक्रापारची अणुमाला टाउनशिप सोडून बडोद्याला आलो त्याला नऊ वर्षं झाली. तुझा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

रीत आहे. ती कोणाला सहज सुचलेली नाही, अपघातांतून आलेली आहे.

२४ सप्टेंबर १९७७. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं डेव्हिस-बेसी केंद्र. अणुभट्टीच्या पाण्याचा दाब वाढला की सोडून द्यायला वर एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडला आणि अडकला. पाणी बाहेर चाललं होतं, पण प्रेशरायझरमधली (भट्टीच्या पाण्याचा दाब सांभाळणारी टाकी) पातळी मात्र वर चढताना दिसत होती. ऑपरेटरांना वाटलं पाणी जास्त झालंय. आणीबाणीत पाणी भरणारे पंप त्यांनी बंद केले. नशिबाने भट्टी फक्त ९ टक्के शक्तीवर होती आणि वीसेक मिनिटांत कोणाच्या तरी ध्यानात आलं. पुढचा ब्लॉक व्हॉल्व्ह लावला. कोणाला इजा नाही, काही फुटलं नाही.

भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या दोघा-तिघा इंजिनिअरांना मात्र धोका उमगला होता. 'अशा वेळी पंप बंद करू नका हे ऑपरेटरांना स्पष्ट सांगा' असे मेमो त्यांनी लिहिले. मेमो कंपनीतच या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले.

अठरा महिन्यांनी, २८ मार्च १९७९, पहाटे चार वाजता, थ्री माइल आयलंड. त्याच कंपनीची भट्टी. व्हॉल्व्ह तसाच अडकला, पातळी तशीच चढली, ऑपरेटरांनी पाणी तसंच कमी केलं. या वेळी भट्टी ९७ टक्के शक्तीवर होती आणि उघडा व्हॉल्व्ह ध्यानात यायला दोन तासांहून जास्त वेळ गेला. भट्टीतला इंधनाचा गाभा अर्ध्याच्या आसपास वितळला.

ट्रेनिंगमध्ये ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. वर्गात कोणी बोललं नाही. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांना हवी असलेली माहिती त्यांच्याच देशात, कागदावर, दीड वर्ष पडून होती.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या सगळ्या अणुवीज कंपन्यांनी मिळून अटलांटाला 'इन्पो' ही संस्था काढली. एकाकडे घडलेलं बाकीच्यांना कळवायचं आणि त्यांनी त्यावर काय केलं ते जाऊन बघायचं, हे तिचं काम. चेर्नोबिलनंतर, १५ मे १९८९ रोजी मॉस्कोत, जगभरच्या केंद्रांची 'वानो' स्थापन झाली. अटलांटा, पॅरिस, मॉस्को आणि टोकियो अशी तिची सुरुवातीची चार केंद्रं. आपली केंद्रं टोकियोशी जोडलेली. शिवाय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची वेगळी नोंद-व्यवस्था आहे, आणि आपल्यासारख्या जडपाण्याच्या भट्ट्या चालवणाऱ्यांचा कॅनडाच्या पुढाकाराने चालणारा गट आहे.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. पाठवणं सोपं आहे. घेणं अवघड. बाहेरून अहवाल आला की आपल्याकडच्या माणसाला त्यावर लिहावं लागतं: हे आपल्याला लागू आहे का, असेल तर कुठल्या यंत्राला, आणि काय बदलणार. माझ्या मते यातलं सगळ्यात धोक्याचं उत्तर 'लागू नाही'. ते दोन शब्दांत लिहून होतं आणि फाइल मिटते. म्हणून मी माझ्या मुलांना (शिफ्टमधल्या, घरच्या नव्हे) सांगायचो, 'लागू आहे' एका ओळीत लिहिलंस तरी चालेल, 'लागू नाही' लिहायचं असेल तर एक पान लिही.

अकोटा_अनय | सोमवार, सकाळी ८:०२

काका, जबरदस्त! एक शंका. व्हॉल्व्ह उघडा आहे हे दाखवणारा दिवा नव्हता का?

निवृत्त_शिफ्टवाला | सोमवार, सकाळी ८:१५

होता ना. पण तो व्हॉल्व्ह बंद झाला की नाही हे दाखवत नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच दाखवत होता. दिवा विझला, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की व्हॉल्व्ह लागला.

प्रश्नचिन्ह | सोमवार, सकाळी ११:३०

धागा चांगला आहे, पण चित्र फार गोड रंगवलं जातंय. मला काही गोष्टी खटकतात.

२२ मार्च १९७५ ला अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुकेंद्रात केबलच्या भोकांतून हवा गळते का ते बघायला मेणबत्ती वापरली. फोमने पेट घेतला आणि सोळाशेच्या आसपास केबल जळाल्या. त्यातून जगाला धडा मिळाला की सुरक्षेच्या दोन वेगळ्या यंत्रणांच्या केबल एकत्र नेऊ नका. हा धडा जगभर छापून आला होता. मग १८ वर्षांनी, ३१ मार्च १९९३ ला, आपल्या उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राला काय झालं? टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि मुख्य व पर्यायी दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबल जळाल्या, कारण त्या नीट वेगळ्या केलेल्याच नव्हत्या. १७ तास केंद्रात वीज नव्हती. अशाच बनावटीच्या पात्यांचा दोष मूळ डिझाइनवाल्यांनी आधी कळवला होता आणि त्यावर वेळेत कृती झाली नाही, ही टीका अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष अ. गोपालकृष्णन यांनी जाहीरपणे केली होती. म्हणजे एक नाही, दोन निरोप आले होते.

दुसरं, वानोचे अहवाल गोपनीय असतात. शेजारच्या गावातल्या माणसाला ते वाचायला मिळत नाहीत. केंद्रं एकमेकांना सांगतात, आम्हाला नाही. याला सुरक्षा म्हणायचं की आपसातली समजूत?

दांडियाबाजार_दत्तू | सोमवार, दुपारी १२:०५

मेणबत्तीने गळती शोधायची, तीही अणुकेंद्रात! दोनदा वाचलं तरी विश्वास बसेना.

निवृत्त_शिफ्टवाला | सोमवार, संध्याकाळी ७:४५

प्रश्नचिन्ह यांचा नरोराबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे, पूर्ण मान्य. त्यात सारवासारव करायची माझी इच्छा नाही. चेर्नोबिलचंही तसंच. भट्टी थांबवणारे नियंत्रण दांडे आत जाताना सुरुवातीला भट्टीच्या खालच्या भागात शक्ती उलट वाढते, हे १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्राच्या चाचण्यांत दिसलं होतं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलच्या पॅनेलवर बसलेल्यांना कोणी ते समजावून सांगितलेलं नव्हतं.

पण नरोराची दुसरी बाजूही इथे यायला हवी. पहाटे साडेतीनची वेळ, सगळीकडे अंधार, कंट्रोल रूममध्ये धूर शिरलेला, लोकांना ती सोडावी लागली. भट्टी आपोआप नव्हे, ऑपरेटरने बंद केली होती. ती पुन्हा चालू होऊ नये म्हणून काही जण हातात बॅटरी घेऊन वर चढले आणि बोरॉनचं द्रावण सोडणारे व्हॉल्व्ह हाताने उघडले. आग विझवायच्या डिझेल पंपांचं पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडून भट्टीची उष्णता काढली. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. त्या लोकांनी जे केलं ते नंतर देशातल्या इतर केंद्रांच्या ट्रेनिंगमध्ये आलं, केबलचे मार्ग बदलले, आगीला अडवणाऱ्या भिंती आल्या, पाती बदलली. १७ तास वीज नसताना भट्टी कशी सांभाळायची याचा असा अनुभव त्या काळात जगात फार थोड्यांकडे होता.

आता गोपनीयता. वानोची पाहणी म्हणजे काय, ते सांगतो. दुसऱ्या देशांतल्या केंद्रांवर हेच काम करणारी माणसं दोन-तीन आठवडे येऊन राहतात. ती फाइलपेक्षा जमिनीवर जास्त वेळ असतात. रात्रपाळीला मागे येऊन उभी राहतात, शिफ्ट बदलताना एकाने दुसऱ्याला काय सांगितलं ते ऐकतात. एकदा एका परदेशी पाहुण्याने मला विचारलं, 'हा व्हॉल्व्ह लावताना तू यादी का वाचली नाहीस?' मी म्हटलं, हजार वेळा लावलाय. तो म्हणाला, 'म्हणूनच विचारतोय.' मी आजही गॅसचा नॉब हात लावून बघतो.

असं बोलणं उद्याच्या पेपरात येणार असेल तर कोणी तोंड उघडणार नाही. पण म्हणून लोकांना काहीच कळू नये असं मी म्हणत नाही. त्यासाठी नियामक मंडळाला द्यायचे घटना-अहवाल आहेत, ० ते ७ ची आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. ते अजून सोप्या भाषेत, मराठी-गुजरातीत यायला हवेत, हे मात्र खरं.

सुरसागर_सुनंदा | सोमवार, रात्री ९:१०

मी छत्तीस वर्षं परिचारिका होते. अणूचं मला काही कळत नाही, पण मेघनाच्या रजिस्टरात सातच नोंदी का, हे कळतं.

एका दवाखान्यात असताना रात्री माझ्या हातात पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल आली. ते कधीही पातळ न करता शिरेतून द्यायचं नसतं, हृदय थांबतं. शेजारच्याच खणात जवळजवळ तशाच दिसण्याची दुसरी अँप्युल होती. मी फोडायच्या आधी लेबल पुन्हा वाचलं म्हणून तो पेशंट वाचला, मीही वाचले. सकाळी मी आपण होऊन वरिष्ठांना सांगितलं. मला मेमो मिळाला, 'निष्काळजीपणा' म्हणून. खण तसेच राहिले.

पुढच्या वेळी मी कोणाला सांगितलं असेल? फक्त माझ्या जागी येणाऱ्या मुलीला, कानात. प्रत्येक पाळी दुसऱ्या पाळीला कानात सांगत होती. मुली बदलल्या की निरोप तुटायचा.

मेघना, तुझ्याकडे लिहिणाऱ्याचं काय होतं, ते आधी बघ.

गाडीवान | सोमवार, रात्री ९:३२

सुनंदाताईंना +१. मी लोको पायलट होतो. सिग्नल थोडक्यात चुकता चुकता राहिला, हे आम्ही रनिंग रूममध्ये जेवताना एकमेकांना सांगायचो. 'त्या वळणावर झाडाच्या फांदीमागे सिग्नल उशिरा दिसतो' हे प्रत्येकाला ठाऊक असायचं. फांदी छाटायला अर्ज कोणी करायचा? अर्ज केला की पहिला प्रश्न, 'तुला कसं कळलं?'

कलाभवन_जुना | मंगळवार, सकाळी १०:२०

मी धातुशास्त्र शिकवायचो. आतापर्यंत सगळी उदाहरणं न पोचलेल्या निरोपांची झाली, पोचलेल्या निरोपाचंही एक देतो. आपल्या भट्ट्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

१ ऑगस्ट १९८३. कॅनडातलं पिकरिंग केंद्र, दुसरी भट्टी. जडपाण्याच्या भट्टीत इंधन आडव्या नळ्यांत असतं. आतली प्रेशर ट्यूब तापलेली, तिच्याभोवतीची कॅलँड्रिया ट्यूब थंड. दोघींनी एकमेकींना टेकू नये म्हणून मध्ये स्प्रिंगच्या कड्या असतात, बांगड्यांसारख्या. पिकरिंगला कड्या जागेवरून सरकल्या, तापलेली नळी वर्षानुवर्षं हळूहळू वाकली आणि थंड नळीला टेकली. टेकली तिथे तो भाग गार पडला. धातूत मुरलेला हायड्रोजन (खरं तर ड्युटेरियम) गार जागेकडे गोळा होतो. तिथे हायड्राइडचा फोड धरला. फोड काचेसारखा ठिसूळ. एक दिवस नळी दोनेक मीटर उभी चिरली.

ती नळी झिर्कॅलॉय-२ नावाच्या मिश्रधातूची होती. आपल्या राजस्थान, मद्रास, नरोरा आणि काक्रापारच्या पहिल्या भट्टीतल्या नळ्याही त्याच धातूच्या. इथे 'लागू नाही' म्हणायला जागाच नव्हती. मग आपल्या लोकांनी काय केलं? नळी कुठे टेकली आहे का हे आतून तपासायची साधनं तयार केली, सरकलेल्या कड्या पुन्हा जागेवर आणायची पद्धत बसवली, आणि पुढे राजस्थानच्या दुसऱ्या भट्टीपासून सुरुवात करून एकेक भट्टी बंद ठेवून सगळ्या नळ्या बदलल्या. २२० मेगावॅटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या असतात. नव्या नळ्या झिर्कोनियम आणि अडीच टक्के नायोबियमच्या. काक्रापारची दुसरी भट्टी तर पहिल्यापासून याच धातूने बांधली.

कॅनडातली एक नळी चिरली आणि आपल्याकडे हजारांच्या वर नळ्या बदलल्या गेल्या. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मुलं गुणाकार करून बघायची.

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सकाळी ११:१५

सर, उदाहरण उत्तम. पण ११ मार्च २०१६ ला काक्रापारच्या पहिल्या भट्टीत गळती झाली, ती याच नव्या धातूच्या नळीतून ना? फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

कलाभवन_जुना | मंगळवार, दुपारी १२:४०

बरोबर आहे. पण कारण वेगळं होतं. या वेळी नळीला बाहेरच्या अंगाने गंज लागला होता, दोन नळ्यांच्या मधल्या जागेत फिरणाऱ्या वायूतल्या अशुद्धीमुळे. पिकरिंगचा धडा त्या बाजूबद्दल काही सांगत नव्हता. भट्टी २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता तो गंज हा आपला अनुभव, आणि तो बाकीच्यांना सांगायची पाळी आपली.

विश्वामित्रीकाठ | मंगळवार, दुपारी ३:००

अवांतर वाटेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

३१ जुलै २०१९ चा पूर आठवतोय ना? आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरचं विजेचं पॅनेल आणि पाण्याची मोटर बुडाली. चार दिवस वीज नाही. दिवाळीपर्यंत आम्ही पैसे जमवून पॅनेल सात फुटांवर घेतलं, मोटरसाठी ओटा बांधला. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री पुन्हा चढली. आमच्याकडे पाणी ओट्याच्या खाली राहिलं. कुंपणापलीकडची सोसायटी, तीच उंची, तोच उतार, त्यांचं पॅनेल बुडालं. त्यांच्याकडे ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या एक आजी होत्या. त्यांना आमच्या मुलांनी ट्यूबवर बसवून बाहेर काढलं.

पाच वर्षांत आमच्यातल्या एकालाही कुंपणापलीकडे जाऊन सांगावंसं वाटलं नाही, की बाबांनो, आम्ही पॅनेल वर घेतलंय, तुम्हीही घ्या. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ही टोचणी मला अजून आहे.

निवृत्त_शिफ्टवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

अवांतर मुळीच नाही. तुम्ही जे लिहिलंत तेच जगभर घडलं.

२७ डिसेंबर १९९९ ची रात्र, फ्रान्समधलं ब्लाये केंद्र. वादळाने नदीच्या खाडीचं पाणी बांधावरून आत आलं, तळघरातल्या खोल्या भरल्या, सुरक्षेचे काही पंप गेले. फ्रान्सने त्यानंतर आपल्या सगळ्या केंद्रांचे बांध आणि दारं तपासली. त्याआधी, जून १९९४ मध्ये, आपल्या काक्रापारला मुसळधार पावसात टर्बाइन इमारतीत पाणी शिरलं होतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीचं पाणी तमिळनाडूतल्या कल्पाक्कम केंद्राच्या समुद्राकडच्या पंपघरात घुसलं. दुसरी भट्टी चालू होती, ती सुरक्षित बंद केली. डिझेल जनरेटर उंचावर होते. पुढच्याच वर्षी पुराच्या धोक्यावर कल्पाक्कमलाच आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली, जगभरचे तज्ज्ञ आले.

म्हणजे तळघरात पाणी शिरलं तर काय होतं हे जगाला माहीत होतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा दाइचीत बहुतेक डिझेल जनरेटर आणि स्विचगिअर (वीज वाटणारी पॅनेलं) टर्बाइन इमारतींच्या तळघरांतच होते.

आणखी एक सांगतो, मग थांबतो. वर लिहिलेलं डेव्हिस-बेसी, तेच. फ्रान्समध्ये १९९१ ला भट्टीच्या झाकणावरच्या नळ्यांना तडे सापडले. सगळ्यांना कळवलं गेलं. डेव्हिस-बेसीला झाकणावर भट्टीतून गळणाऱ्या पाण्यातल्या बोरिक आम्लाचे थर साचत होते, हवेच्या फिल्टरात गंजाचे कण येऊन ते पुन्हा पुन्हा बदलावे लागत होते. मार्च २००२ ला साफ करायला गेले तर झाकणाच्या पोलादात हात जाईल एवढा खड्डा. आत उरला होता तो सेंटिमीटरभर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. ज्या केंद्राचा निरोप १९७७ ला जगापर्यंत पोचला नाही, त्याच केंद्राला २००२ ला जगाचा निरोप पोचूनही उमगला नाही. फिल्टर बदलणाऱ्या माणसाला 'हा गंज येतो कुठून' हे विचारायला वेळ आणि मुभा होती का, हा प्रश्न मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये विचारत आलो.

प्रश्नचिन्ह | मंगळवार, रात्री ८:०५

काका, तुम्ही हे सगळं मोकळेपणाने लिहिलंत म्हणून आभार. गोपनीयतेबद्दल माझं मत बदललेलं नाही. गावकऱ्यांना न सांगितलेली गोष्ट पुढे अफवा होऊन त्यांच्याकडे जाते. पण 'लागू नाही' लिहायचं तर एक पान, हे मी आमच्या ऑफिसात उद्यापासून सुरू करतोय. मी पुलांच्या तपासणीत काम करतो.

अकोटा_अनय | मंगळवार, रात्री ८:२०

पुलांच्या तपासणीत? मग नक्की करा. मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळल्यापासून महीवरून जाताना आई दर वेळी डोळे मिटून घेते.

मेघना_मकरपुरा | पुढचा रविवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. आठवडाभर हा धागा पुन्हा पुन्हा वाचला. काय केलं ते सांगते.

काकांचा तो दिवा डोक्यात बसला होता. आमच्याकडे अपघातानंतर दुसऱ्या प्लँटला ईमेल जातो. 'पाठवला' दिसलं की आम्ही निवांत. सोमवारी मी शेजारच्या प्लँटच्या फोरमनकडे गेले आणि आमच्या सीलच्या घटनेचा ईमेल त्यांना दाखवायला सांगितला. न वाचलेल्या साडेतीनशे ईमेलांत तो होता. त्यांचा दोष नाही, माझा फोन दोन मिनिटांचा होता आणि मी तो केला नव्हता.

सुनंदाताई, तुम्ही म्हणालात तसं लिहिणाऱ्याचं काय होतं ते तपासलं. त्या सात नोंदींपैकी ज्या दोन माझ्या नव्हत्या, त्या लिहिणाऱ्या दोघांनाही 'खुलासा' मागितला गेला होता. वर्क्स मॅनेजरांकडे जाऊन बसले. अर्धा तास बोलले, आवाजही चढला माझा. शेवटी त्यांनी लेखी दिलं की रजिस्टरातल्या नोंदीवरून कोणालाही मेमो जाणार नाही.

आणि दत्तूभाऊ, तुमचं ऐकलं. रजिस्टर नाही, पण टपरीवर एक पेटी ठेवली आणि रोज चारच्या चहाला मी पाच मिनिटं तिथे उभी राहते. चिठ्ठी गुजरातीत चालेल, हिंदीत चालेल, नाव नसलं तरी चालेल. पहिले तीन दिवस पेटी रिकामी. गुरुवारी एक चिठ्ठी निघाली, 'कूलिंग टॉवरनी सीडीनुं त्रीजुं पगथियुं हले छे.' अक्षर ओळखीचं वाटलं. तो मुलगा डाव्या हाताने लिहायला शिकलाय.

पायरी खरंच हलत होती. वेल्ड सुटलं होतं. मग मी रस्ता ओलांडून शेजारच्या प्लँटमध्ये गेले, त्यांच्याही शिड्या बघितल्या. त्याच ठेकेदाराने बसवलेल्या. दोन पायऱ्या हलत होत्या. दोन्ही काल बदलल्या.

सुरसागर_सुनंदा | रविवार, रात्री १०:३०

शाब्बास पोरी. त्या मुलाला माझ्याकडून सांग, बोटांचे व्यायाम सोडू नकोस म्हणावं. कोमट पाण्यात हात ठेवून मग करायचे.

निवृत्त_शिफ्टवाला | सोमवार, सकाळी ५:५०

मेघना, फार बरं वाटलं वाचून. आता त्या ठेकेदाराला फोन कर आणि विचार, त्या सुमाराला त्याने आणखी कुठे कुठे शिड्या बसवल्या होत्या.